पोलिस रिफॉर्म, युद्धातून बाहेर पडलेले देश आणि आपल्या नाक्यावरची चौकी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारी संध्याकाळी ठाण्यात स्टेशनजवळच्या एका अभ्यासिकेत मी स्पर्धा परीक्षेच्या पोरांना जगाच्या घडामोडी शिकवतो. विषय अफगाणिस्तानचा असो नाहीतर हैतीचा, फिरून फिरून गाडी पोलिसांवर येते, कारण निम्म्या पोरांना पीएसआय व्हायचंय आणि उरलेल्यांपैकी दोघा-तिघांचे वडील पोलिस लाइनीत राहतात. दर बॅचला तेच प्रश्न, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. क्रम वगैरे काही लावलेला नाही, जसे आठवले तसे.

सर, युद्ध संपलं की लष्कर असतंच ना? मग पोलिसांचं एवढं काय?

लष्कर शत्रूला हरवतं रे. पण युद्ध संपल्यावर माणसाचा त्रास वेगळाच असतो, कोणी घर बळकावलंय, कोणी म्हैस चोरलीय, शेजाऱ्याने पोरीला छेडलं, नाक्यावर कोणतरी बंदूक दाखवून पैसे मागतोय. ह्यात रणगाडा काय करणार? २००३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन फौजा बगदादमध्ये शिरल्या तेव्हा इराकी पोलिस ड्युटी सोडून घरी गेले होते आणि मग सरकारी ऑफिसं, हॉस्पिटलं, म्युझियम, सगळं लुटलं गेलं, आणि जगातली सगळ्यात ताकदवान फौज रस्त्यावर उभी राहून बघत होती कारण चोर पकडणं तिला शिकवलेलंच नव्हतं. सरकार गेलं आणि नवीन कोणी आलं नाही हे लोकांना त्या आठवड्यात कळलं. ती मधली पोकळी जो भरतो, तो मिलिशिया (पक्षाची किंवा गटाची खाजगी फौज) असेल, टोळी असेल, लोक त्यालाच सरकार मानायला लागतात. नंतर ते परत फिरवणं फार महागात जातं.

मग पटापट भरती करायची, ट्रेनिंग द्यायचं, रस्त्यावर उतरवायचं. झालं की!

हेच अफगाणिस्तानात केलं. २००२ नंतर पोलिसांची जबाबदारी जर्मनीने घेतली, त्यांनी काबूलची अकादमी उभी केली, अधिकाऱ्यांना तीन वर्षांचा कोर्स. चांगला होता पण हळू. मग अमेरिका उतरली, तिला आकडा हवा होता, शिपायाचं ट्रेनिंग आठ आठवडे आणि पुढे तेही सहावर आणलं, त्यात ज्यांना लिहितावाचता येत नाही अशी पोरंच जास्त. आता सहा आठवड्यांत वाचता न येणाऱ्या पोराला फिर्याद कशी लिहायची ते शिकवणार की एके-४७ कशी धरायची ते? अर्थात बंदूकच शिकवली. म्हणजे पोलिसाच्या कपड्यातला कमी पगाराचा सैनिक तयार झाला, त्याला नाकाबंदीवर बसवला, आणि तालिबानच्या हातून सैनिकांपेक्षाही जास्त तेच मेले.

पगाराचा किस्सा तर मी प्रत्येक बॅचला सांगतो. पोलिसांचे पगार परदेशी पैशातून यायचे आणि रोखीने वरून खाली वाटत यायचे, प्रत्येक हातात थोडे थोडे चिकटत. २००९ साली वर्दक प्रांतात थोड्या पोलिसांना पगार मोबाइलवर द्यायचा प्रयोग केला, तर त्यांना वाटलं आपला पगार वाढवला! वाढवलेला नव्हता. पहिल्यांदाच पूर्ण हातात पडला होता, तोपर्यंत साहेब लोक मधल्यामधे जवळजवळ तीस टक्के कापत होते. आता ज्या शिपायाचा पगार त्याचाच साहेब खातो तो नाक्यावर ट्रकवाल्याकडून वसूल करणार नाही तर काय करणार, आणि ट्रकवाला मग तालिबानचा नाका बरा म्हणतो कारण तिथे एकदाच पैसे द्यावे लागतात. शिवाय यादीत नावं असलेले पण अस्तित्वातच नसलेले पोलिस, त्यांचेही पगार निघत होते. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं तेव्हा कागदावर लाखाच्या वर पोलिस होते.

इराकमध्ये तर जुने पोलिस होते, तिथे काय बिघडलं?

मे २००३ मध्ये अमेरिकन प्रशासनाने इराकी लष्करच बरखास्त केलं, हे बहुतेकांना माहीत असतं. पोलिस ठेवले, पण पुढच्या दोन वर्षांत गृहखातं राजकीय पक्षांच्या हातात गेलं आणि पक्षांच्या मिलिशियातली माणसं वर्दी घालून आत शिरली. ऑक्टोबर २००६ मध्ये नॅशनल पोलिसांची एक अख्खी ब्रिगेड ड्युटीवरून काढावी लागली कारण ती माणसं उचलून मारणाऱ्या टोळ्यांना सामील आहे असा संशय होता. ट्रेनिंग त्यांनाही मिळालं होतंच की, गाड्या पण नव्या होत्या. पण त्या माणसाने ऐकायचं कोणाचं हे कोणी ठरवलंच नाही, आणि मी ह्या सगळ्या विषयात पहिला प्रश्न हाच विचारतो : हवालदार उत्तर कोणाला देतो? पोलिस किती आणि बंदुका किती हे त्याच्या नंतर.

कुठे जमलंय का पण? की सगळं रडगाणंच?

जमलंय. नॉर्दर्न आयर्लंड. आणि हे आपल्याला जवळचं आहे, कसं ते सांगतो. इंग्रजांनी आयर्लंड ताब्यात ठेवायला जे पोलिस उभे केले, सशस्त्र, बराकीत राहणारे, वरून हुकूम आला की हलणारे, त्याच नमुन्यावर इंग्रज सेनापती नेपियरने १८४३ साली सिंधमध्ये पोलिस उभे केले, तिथून तो साचा मुंबई इलाख्यात आला आणि १८५७ नंतर १८६१ च्या कायद्याने जवळपास देशभर गेला. म्हणजे बेलफास्टचे जुने पोलिस आणि आपले पोलिस एका आज्याची नातवंडं.

तिथल्या पोलिस दलात, रॉयल अल्स्टर कॉन्स्टॅब्युलरीत, कॅथलिक जेमतेम आठ टक्के, लोकसंख्येत मात्र चाळीसच्या वर. ब्रिटनपासून वेगळं व्हायला बघणारे कॅथलिक आणि ब्रिटनमध्येच राहायचं म्हणणारे प्रोटेस्टंट ह्यांच्या तीस वर्षांच्या संघर्षात ह्या दलाची तीनशेहून जास्त माणसं मारली गेली, म्हणजे त्यांचं दुःखही खोटं नव्हतं, पण कॅथलिक वस्तीला ते आपले पोलिस कधी वाटलेच नाहीत. १९९८ ला गुड फ्रायडे नावाचा शांतता करार झाला, त्यातून पोलिस सुधारायला पॅटन कमिशन बसलं, सप्टेंबर १९९९ मध्ये १७५ शिफारशींचा रिपोर्ट आला. नोव्हेंबर २००१ मध्ये नाव बदललं, बिल्ला बदलला, शपथ बदलली. लोक म्हणाले नाव बदलून काय होतं! खरं काम नावाच्या मागे होतं. भरतीत दहा वर्षं निम्मे कॅथलिक आणि निम्मे बाकीचे असा सक्तीचा नियम, त्याने आकडा २०११ पर्यंत तीस टक्क्यांच्या आसपास गेला. पोलिसांवर देखरेखीला बोर्ड, त्यात राजकारणी आणि बाहेरची माणसं दोन्ही. आणि तक्रारी तपासायला वेगळा ओम्बड्समन, ज्याचे तपास करणारे पोलिसांच्या हाताखालचे नाहीत. ह्या ओम्बड्समनने २००१ मध्येच ओमा गावातल्या बॉम्बस्फोटाच्या तपासावरून पोलिसांना झोडपलं, आणि माझ्या मते तिथे गाडी रुळावर आली, कारण लोकांनी पाहिलं की हे ऑफिस दाखवायला नाहीये. शिन फेनने, म्हणजे कॅथलिकांच्या बाजूच्या पक्षाने, पोलिसांना मान्यता द्यायला तरी २००७ उजाडलं, करारानंतर नऊ वर्षं. आणि सगळं गोड झालं असंही नाही, कॅथलिकांचा आकडा नंतर फारसा हललेला नाही.

जुने सगळे काढून टाकले आणि कोरी पाटी घेतली तर?

पोरांना हे फार आवडतं. जॉर्जियात २००४-०५ च्या सुमारास राष्ट्राध्यक्ष साकाशविलीने ट्रॅफिक पोलिसच बरखास्त केले, हजारो माणसं एका झटक्यात घरी, काही आठवडे रस्त्यावर ट्रॅफिक पोलिस नव्हते आणि गंमत म्हणजे फारसं काही बिघडलं नाही. मग नवी पोरं, चांगला पगार, काचेच्या भिंतींची पोलिस स्टेशनं. रस्त्यावरची चिरीमिरी खरंच थांबली. पण पोलिस सत्तेच्या मुठीतच राहिले आणि पुढे निदर्शकांवर लाठ्या घालताना तेच दिसले. चिरीमिरी बंद होणं आणि पोलिस मोकळे होणं ह्यात अंतर आहे एवढंच म्हणतो.

दुसरी रीत एल साल्वाडोरची, १९९२ च्या शांतता करारात नव्या नागरी पोलिसांत २० टक्के जुने पोलिस, २० टक्के पूर्वीचे गनिम आणि ६० टक्के युद्धात नसलेली सामान्य माणसं असं ठरलं. कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणारे एका गाडीत गस्त घालायला लागले. टोळ्यांचा प्रश्न त्याने सुटला नाही, तो वेगळा आणि लांबलचक विषय, इथे नको.

यूएन पोलिस म्हणजे नक्की कोण? यूएनची स्वतःची भरती असते का?

नाही नाही. देश आपापले पोलिस पाठवतात. काही एकेकटे अधिकारी जातात, सल्ला आणि ट्रेनिंगला, आणि काही तुकड्या जातात, साधारण १२५ ते १४० जणांच्या, गर्दी सांभाळायला. १९६० साली काँगोत घानाचे पोलिस गेले तिथून ही सुरुवात. आपल्या किरण बेदी २००३ ते २००५ यूएनच्या पोलिस सल्लागार होत्या, न्यूयॉर्कला.

आणि लायबेरिया! तळोज्याला आरएएफचा कॅम्प आहे ना, नवी मुंबईतली पोरं ती निळी वर्दी ओळखतात, ती सीआरपीएफचीच शाखा. त्याच सीआरपीएफच्या बायकांची तुकडी जानेवारी २००७ मध्ये लायबेरियाच्या राजधानीला, मन्रोव्हियाला गेली, यूएनच्या इतिहासातली पोलिसांची पहिली पूर्ण महिला तुकडी, आणि २०१६ पर्यंत एकीमागून एक अशा तुकड्या जात राहिल्या. काम काय, तर राष्ट्राध्यक्षांच्या ऑफिसचा पहारा, रात्रीची गस्त, गर्दीचा बंदोबस्त. पण खरा परिणाम बाजूला झाला, तिथल्या पोरींनी बघितलं की बाई हेल्मेट घालून ढाल धरून उभी राहते आणि तिला कोणी हसत नाही, मग भरतीला यायला लागल्या. यूएनने दिलेल्या आकड्याप्रमाणे लायबेरियाच्या सुरक्षा दलांत बायकांचं प्रमाण ६ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेलं. ह्याचं सगळं श्रेय एका तुकडीला देता येणार नाही, तिथे राष्ट्राध्यक्षही बाईच होत्या.

महिला पोलिस म्हणजे फोटोपुरत्या नाहीत का पण? (हा प्रश्न नेहमी मागच्या बाकावरून येतो.)

सिएरा लिओनमध्ये युद्धात बायकांवर जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिथे २००१ पासून पोलिसांत फॅमिली सपोर्ट युनिट काढली, बलात्कार आणि घरातल्या मारहाणीच्या तक्रारी वेगळ्या खोलीत, शिकलेल्या माणसांपुढे. तक्रारी वाढल्या. तर काही हुशार लोक म्हणाले बघा गुन्हे वाढले! अरे बाबांनो, गुन्हे होतेच, आता सांगायला जागा झाली. आपल्याकडेही एखाद्या पोलिस स्टेशनचा आकडा वाढला की साहेबाची खरडपट्टी निघते, म्हणून मग एनसीवर, म्हणजे एफआयआर न करता अदखलपात्र नोंदीवर भागवायचं. हा रोग सगळीकडे सारखाच.

हैती?

१९९५ ला लष्कर मोडलं, नवे पोलिस उभे केले, यूएनची मिशनं आली आणि गेली, आपल्याही तुकड्या होत्या तिथे. जुलै २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांचा त्यांच्या घरात खून झाला, जून २०२४ मध्ये केनियाचे पोलिस उतरले, ठरलेले अडीच हजार कधी पूर्ण जमलेच नाहीत. कोर्ट बंद, तुरुंग फुटलेले, तिथे पोलिसाने पकडून माणूस न्यायचा कुठे? एकट्या पोलिसांनी देश उभा राहत नाही, ह्याचं उदाहरण हवं असेल तर हेच लिहा.

लाख लोकांमागे २२२ पोलिस हवेत असा यूएनचा नियम आहे ना? क्लासच्या नोट्समध्ये आहे.

नोट्स फाडा. यूएनने सगळ्या जगाला लागू असा एक आकडा ठरवून दिलेला नाही. आपल्याकडे मंजूर पदं लाखाला दोनशेच्या थोडी खाली आणि प्रत्यक्षात भरलेली दीडशेच्या आसपास, हे मात्र खरं.

सर, हे सगळं लांबचं झालं. आपल्या जवळचं काही?

भिवंडी! ठाण्याहून रिक्षाने जाता. १९७० ची दंगल, मग १९८४ ची, दोन्ही भयानक. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे डीसीपी म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या. आता शांतता कमिटी आपल्याकडे आधीपासून असते, गणपती-मोहरमच्या आधी पुढारी येतात, चहा पितात, फोटो काढतात आणि जातात. खोपड्यांनी उलटं केलं. गल्लीतले लोक घेतले, पानटपरीवाला, यंत्रमागावरचा कामगार, मास्तर, दोन्ही धर्मांचे, आणि त्या गल्लीचा पोलिस त्यांच्यात बसवला. विषय दंगलीचा नाहीच, गटार तुंबलंय, नळाचं भांडण, कोणाचा पोरगा दारू पिऊन त्रास देतो. महिनोन्‌महिने अशा फालतू वाटणाऱ्या बैठका. पण त्याने काय झालं, हवालदाराला गल्ली नावानिशी ठाऊक झाली आणि गल्लीला हवालदार, अफवा आली की आधी त्याला फोन. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, आणि जिच्याबद्दल सगळे धास्तावले होते ती भिवंडी शांत राहिली. नंतर मुंबईनेही मोहल्ला कमिटीची कल्पना उचलली.

पूर्ण गोष्ट सांगायची तर २००६ पण सांगायला पाहिजे. कबरस्तानाला लागून पोलिस स्टेशन बांधायच्या वादावरून त्याच भिवंडीत पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली आणि जमावाने दोन पोलिसांना मारलं. कमिटी एकदा स्थापन केली की कायमची चालते असं काही नसतं, साहेब बदलतो, बैठका बंद पडतात, वही कपाटात जाते.

गडचिरोलीचं काय? तिथे तर बंदूकच चालली.

चालली, सी-६० हे खास पथक १९९० पासून आहे आणि त्यात स्थानिक पोरं आहेत, जंगल आणि भाषा दोन्ही येणारी, हे विसरू नका. पण तिथल्या पोलिसांची दादालोरा खिडकी म्हणून योजना आहे ती वाचा, दुर्गम पोलिस ठाण्यातूनच दाखले, आधार, सरकारी योजनांचे अर्ज. तहसील ऑफिस गाठायला दिवस मोडतो अशा गावात सरकारचं एकच दार उघडं असेल तर ते ठाण्याचं. ह्यावर माझं एक बोट मात्र वर आहे : पोलिसच तलाठी झाला की तलाठ्याची गरज वाटेनाशी होते.

आपल्याकडे रिफॉर्म अडलंय कुठे?

१९७७ ला राष्ट्रीय पोलिस आयोग बसला, १९८१ पर्यंत रिपोर्टावर रिपोर्ट दिले, धूळ. १९९६ मध्ये निवृत्त डीजीपी प्रकाश सिंह सुप्रीम कोर्टात गेले, निकाल २२ सप्टेंबर २००६ ला. सात आदेश. डीजीपीला किमान दोन वर्षं, ठाण्याच्या प्रमुखालाही किमान दोन वर्षं, बदल्यांसाठी पोलिसांचंच मंडळ, तपास आणि बंदोबस्त वेगळा, राज्य सुरक्षा आयोग, तक्रार प्राधिकरण राज्याला आणि जिल्ह्याला, आणि केंद्रात एक आयोग. महाराष्ट्रात १८६१ चा नाही तर १९५१ चा कायदा चालतो (परीक्षेत इथे हमखास फसवतात), त्यात २०१४ मध्ये दुरुस्ती करून ह्यातलं बरंचसं घातलं. कागदावर. प्रत्येक तरतुदीला एक मागचा दरवाजा ठेवलाय, 'जनहितार्थ' म्हटलं की मुदतीआधी बदली करता येते. बदली हीच आपल्याकडची चावी आहे, वर्दकच्या साहेबाच्या हातात पगार होता, आपल्याकडे बदली असते.

तपास आणि बंदोबस्त वेगळा करून काय होणार?

ज्या एपीआयकडे खुनाचा तपास आहे तोच आज व्हीआयपी बंदोबस्ताला, उद्या विसर्जनाला, परवा मोर्चाला. केस डायरी कधी लिहिणार?

तुम्हाला स्वतःला कधी पोलिस स्टेशनचा अनुभव आलाय का?

आलाय ना. बाईकची डिकी फोडून लॅपटॉप गेला, पार्किंग एका हद्दीत आणि रस्ता दुसऱ्या हद्दीत, म्हणजे मी ठाण्यात राहून दोन ठाण्यांच्या मधे लटकलो. कोणतं स्टेशन ते लिहीत नाही. इकडचे म्हणाले तिकडे जा, तिकडचे म्हणाले गाडीचं पुढचं चाक कुठे होतं? दोन तास चाकावर चर्चा. शेवटी एका वयस्कर हवालदाराने स्वतःहून कागद पुढे घेतला आणि म्हणाला, बसा, लिहून घेतो, हद्दीचं आम्ही बघू. लॅपटॉप मिळाला नाही. तरी त्या माणसाबद्दल मला आजही बरंच वाटतं. आता १ जुलै २०२४ पासून नव्या बीएनएसएसच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७३ मध्ये झिरो एफआयआर लिहूनच दिलाय, हद्द कोणतीही असो दखलपात्र गुन्हा नोंदवायचाच, आणि ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची.

पोलिसांच्या विरुद्धच तक्रार असेल तर?

वरिष्ठांकडे लेखी, पोच घेऊन. मग राज्य पोलिस तक्रार प्राधिकरण आहे, मानवी हक्क आयोग आहे, कोर्ट आहे. आणि डिसेंबर २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशाप्रमाणे पोलिस ठाण्यात सीसीटीव्ही असायला हवा, फुटेज जपून ठेवायचं असतं, तेव्हा तारीख आणि वेळ लिहून ठेवा.

माझे पप्पा हवालदार आहेत, ते म्हणतात आधी आमच्या ड्युटीचं बघा मग रिफॉर्म करा.

बरोबर बोलतात पप्पा. २०१६ मध्ये मुंबईत देवनार पोलिस स्टेशनला आठ तासांची ड्युटी करून पाहिली, आणि ती कल्पना एका पोलिस शिपायाचीच होती. सोळा तास उभ्या असलेल्या माणसाकडून नम्र वागणुकीची अपेक्षा करायची आणि त्यावर वर्कशॉप घ्यायचे, ह्याला अर्थ नाही. पॅटनपासून काबूलपर्यंत सगळ्या रिपोर्टांत शिपाई हा आकडा असतो, त्याला कोणी विचारत नाही. पप्पांना एखाद्या शनिवारी घेऊन ये, मला नाकाबंदीबद्दल विचारायचंय.

सर, ह्यातलं पीएसआयला किती येतं?

महाराष्ट्र पोलिस अधिनियम आणि नवे तीन कायदे नीट करा, प्रकाश सिंहचे सात आदेश पाठ. लायबेरिया नाही येत. पण मुलाखतीला बसलात आणि कोणी विचारलं की पोलिस कशासाठी व्हायचंय, तर भिवंडीच्या गटाराच्या बैठकीचं सांगा, समोरच्यांनी कंटाळून ऐकलेल्या उत्तरांपेक्षा बरं वाटेल त्यांना. पुढच्या शनिवारी साडेसहाला, लोकल लेट असेल तर सात.